तापमान चढत नाही, तेव्हा काय घडत असते?

मनुष्याच्या जीवनात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मनापासून प्रयत्न करूनही बदल दिसत नाही, तेव्हा प्रयत्न चालू ठेवावा की सोडून द्यावा? वर्षभर नियमाने जप-ध्यान करणारा साधक एके दिवशी क्षुल्लक कारणावरून घरच्यांवर ओरडतो आणि मग त्याला वाटते की इतके सारे व्यर्थच गेले. मुलाचे व्यसन सुटावे म्हणून आई तीन वर्षे धीर धरते, मुलगा तसाच. मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याजवळ शिक्षक रोज अर्धा तास जास्त बसतो. परीक्षेतले गुण तेवढेच. अशा वेळी मनात शंका येते की ही आग आपण कशासाठी जाळत आहोत? ती कुठे पोहोचते तरी आहे का?

शंका खोटी नाही. तिला "श्रद्धा ठेवा" एवढेच उत्तर देऊन गप्प करणेही बरे नाही. कारण काही प्रयत्न खरोखरच वाया जातात आणि काही प्रयत्न दिसत नसतानाही आतून काम करीत असतात. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. या विवेकासाठी निसर्गातील एका अगदी साध्या घटनेचा आधार आपण घेऊ या. उष्णतेने पदार्थाची अवस्था बदलते, बर्फाचे पाणी होते, पाण्याची वाफ होते, धातूचा रस होतो. आपल्या पूर्वजांनी साधनेला 'तप' हे नाव दिले, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ तापणे, तापवणे हाच आहे. तेव्हा तापण्याचे शास्त्र काय सांगते, हे पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही.

बर्फाची परीक्षा

एका पातेल्यात बर्फाचे तुकडे घ्या, त्यात थर्मामीटर ठेवा आणि पातेले मंद आचेवर ठेवून ढवळत राहा. पारा शून्य अंशावर येईल आणि तेथेच थांबेल. खाली आग चालू आहे, उष्णता सतत पातेल्यात जात आहे, तरी पारा हलत नाही. बर्फाचा शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत तो शून्यावरच राहतो. त्यानंतर मात्र तो चढू लागतो.

मधल्या काळात दिलेली उष्णता गेली कुठे? आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला 'अप्रकट उष्मा' असे सुंदर नाव आहे. तापमान हे कणांच्या धावपळीचे माप आहे. परंतु बर्फाचे कण एकमेकांना घट्ट धरून एका ठरावीक मांडणीत बसलेले असतात. ती पकड सैल करण्यासाठीच सारी उष्णता खर्ची पडते. कणांची धावपळ वाढत नाही, म्हणून पारा चढत नाही. परंतु बंधने सुटत असतात.

याचे मोजमापही लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला मात्र 80 कॅलरी लागतात. म्हणजे जेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापले असते, तेवढी सगळी उष्णता पारा एक अंशही न चढता आत जिरते. पुढे पाणी शून्यावरून उकळीपर्यंत न्यायला 100 कॅलरी पुरतात. परंतु 100 अंशांच्या पाण्याची 100 अंशांचीच वाफ करायला सुमारे 540 कॅलरी लागतात. जी पायरी बाहेरून दिसतच नाही, ती दिसणाऱ्या साऱ्या प्रवासाच्या पाचपटीहून महाग आहे.

साधकाने येथे थांबून स्वतःला विचारावे. मी माझी प्रगती कशाने मोजतो? स्वभावात थोडी सुधारणा करणे म्हणजे पाणी थोडे तापवणे. त्याचा परिणाम लगेच दिसतो. परंतु अवस्थाच बदलायची असेल, घट्ट बसलेली जुनी सवय, अहंकाराची पकड, वर्षानुवर्षांचा राग सोडायचा असेल, तर त्याची किंमत वेगळी आहे. ती चुकती होत असताना पारा हलणार नाही. वाल्या कोळ्याच्या कथेत आपल्याला त्याचा वाल्मीकी झालेला तेवढा आठवतो. पण मधल्या काळात बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसले? अंगावर चढत जाणारे वारूळ, एवढेच.

हा उशीर म्हणजे दया आहे

या अप्रकट उष्म्याचा शोध स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने लावला. 1760 च्या दशकाच्या आरंभी ग्लासगो विद्यापीठात शिकवत असताना त्याने एक साधा विचार मांडला. तोपर्यंत सर्वसाधारण समजूत अशी होती की बर्फ वितळण्याच्या बिंदूपर्यंत तापला की थोड्याशा जादा उष्णतेने तो सगळा पाणी होतो. ब्लॅकने विचारले, असे असते तर वसंत ऋतूत काय झाले असते? डोंगरांवरचा सारा हिम एकाएकी वितळून भयंकर पूर आले असते. तसे होत नाही. ऊन पडू लागल्यावरही हिम आठवडे नि महिने हळूहळू वितळत राहतो. म्हणजे वितळण्यासाठी फार मोठी उष्णता लागत असली पाहिजे.

या विचारात मोठा बोध आहे. बदलाला लागणारा उशीर आपल्याला शिक्षा वाटतो. परंतु हिमालयातील बर्फ एका दिवसात वितळला असता तर गंगा-यमुनांच्या काठी वस्तीच उरली नसती. तो हळूहळू वितळतो म्हणूनच उन्हाळ्यातही त्या नद्यांना पाणी असते. मनाचेही असेच आहे. एखाद्या उत्साहाच्या भरात माणूस एका रात्रीत सर्व सोडतो, सर्व नियम एकदम घेतो, घरच्यांनीही तसेच वागावे असा आग्रह धरतो. आणि त्या पुरात संसार, नाती आणि शेवटी साधनाही वाहून जाते. सावकाश होणारा बदल घरादाराला पेलतो.

मग वाया जाणारी आग कशी ओळखावी?

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल: "हे तर आळशाला मिळालेले निमित्त झाले! काहीच बदल होत नसला की म्हणायचे, आत अप्रकट काम चालू आहे. मग खोटे समाधान आणि खरी साधना यांत फरक काय?"

आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही त्या पातेल्यातच आहे. पारा थांबलेला असला तरी बर्फ तेवढाच राहत नाही. तुकडे लहान होतात, पाणी वाढते. थर्मामीटर सांगत नसला तरी डोळ्यांना कळते. म्हणजे माप चुकीचे निवडले होते, प्रयत्न चुकीचा नव्हता. घरी लोणी कढवणारी आजी थर्मामीटर वापरत नाही. लोण्यातले पाणी उडून जाईपर्यंत तडतड चालते. आवाज मंदावला, बेरी तांबूस झाली की तूप झाले हे ती ओळखते. पाहायचे कुठे, ऐकायचे काय, हे तिला ठाऊक असते.

तुमच्या साधनेतही असे दुसरे माप शोधा. राग आला का, हा पारा झाला. रागानंतर किती वेळाने भान आले, हे बर्फाचे उरलेले तुकडे पाहणे झाले. पूर्वी आठ दिवस अबोला राहत असे, आता संध्याकाळपर्यंत "माझे चुकले" असे म्हणता येते का? पूर्वी दोष दुसऱ्याचाच दिसे, आता स्वतःचाही थोडा दिसतो का? व्यसन करणारा मुलगा अजून पितो. पण पूर्वी खोटे बोलत असे, आता खरे सांगतो का? परीक्षेत मागे असलेला विद्यार्थी आता प्रश्न विचारू लागला आहे का? यांपैकी काही घडत असेल तर बर्फ वितळत आहे. आच बंद करू नका.

आणि काहीच घडत नसेल तर? तेव्हा प्रामाणिकपणे दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे, आग पातेल्याखाली आहे का. पुष्कळदा आपण चूल दुसरीकडेच पेटवतो. मन सुधारायचे असते आणि आपण केवळ बाह्य नियमांची संख्या वाढवत राहतो. आई मुलाला रोज बोलते, पण त्याच्याजवळ बसत नाही. दुसरी गोष्ट, उष्णता जेवढी मिळते तेवढीच बाहेर निघून तर जात नाही? सकाळी अर्धा तास प्रार्थना आणि दिवसभर निंदा, स्पर्धा, मोबाईलवरील वादविवाद. मग संध्याकाळी पातेले पुन्हा गारच. भोवती कडक गारठा असेल तर अर्धा वितळलेला बर्फ आच काढली की पुन्हा गोठतो. म्हणून सातत्याला महत्त्व आहे. मोठी आग एकदाच पेटवण्यापेक्षा मंद आच न विझता राहणे अवस्थांतरासाठी अधिक उपयोगी पडते.

रसमड्याच्या भट्ट्या: न वितळता होणारे परिवर्तन

आता आपण पातेल्याकडून भट्टीकडे जाऊ. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग सोडून शिवनाथ नदी ओलांडली की राजनांदगावच्या वाटेवर रसमडा हे लहानसे स्थानक लागते. भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे या भागात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. अनेक वाचकांनी हा प्रवास केला असेल. भिलाईच्या कारखान्याचा करार 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतले लोहखनिज तेथे वितळून वाहू लागले. रसमड्याचे औद्योगिक क्षेत्र त्याहून नवे आहे, आणि तेथे स्पंज आयर्न तयार करणारे कारखाने आहेत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे स्पंज आयर्न फार उद्बोधक आहे.

लोहखनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग. हेमॅटाइट या खनिजाच्या शुद्ध रूपात वजनाने सुमारे 30 टक्के प्राणवायूच असतो. झोतभट्टीत हा प्राणवायूही निघतो आणि लोखंडही वितळते. स्पंज आयर्नची रीत वेगळी आहे. किंचित उतरती, लांब नळीसारखी भट्टी स्वतःभोवती संथपणे फिरत असते. तिला किल्न म्हणतात. तिच्यात खनिजाचे खडे आणि कोळसा घालतात. आतली उष्णता 1000 अंशांच्या आसपास ठेवतात. शुद्ध लोखंड 1538 अंशांना वितळते, म्हणजे येथे ते वितळतच नाही. कोळशापासून तयार झालेला वायू खड्याच्या आत शिरतो आणि त्यातला प्राणवायू घेऊन बाहेर पडतो. खडा भट्टीत गेला तसाच, त्याच आकाराचा बाहेर येतो. फरक एवढाच की आत तो आता दगड राहिलेला नसतो, लोखंड झालेला असतो. प्राणवायू निघून गेलेल्या जागी असंख्य सूक्ष्म छिद्रे उरतात, म्हणून त्याला स्पंज म्हणतात.

ही रीत मुळात नवी नाही. याच प्रदेशातील अगरिया आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहान भट्टीत, पायाने भाता चालवून लोखंड काढत असत. त्यांच्यावर व्हेरियर एल्विन यांनी 1942 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या भट्टीतही लोखंडाचा रस होत नसे. सच्छिद्र गोळा निघे आणि तो ठोकून ठोकून त्यातली मळी काढावी लागे.

आपण समजतो की परिवर्तन म्हणजे रूप बदलणे: वस्त्र बदलणे, घर सोडणे, बोलण्याची ढब बदलणे. या खड्याकडे पाहा. बाहेरचा आकार तसाच, परंतु ज्याला तो घट्ट धरून होता ते सुटले आहे. तोच मनुष्य, तीच नोकरी, तेच घर, तेच कपडे. पण ज्या आसक्तीने त्याला दगड केले होते ती निघून गेली आहे. असे परिवर्तन शेजाऱ्याला कळतही नाही. हातात घेतल्यावर मात्र खडा हलका लागतो. अशा माणसाजवळ बसल्यावर आपल्यालाही हलके वाटते.

या प्रक्रियेत सावधगिरीच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही साधकाने ध्यानात घ्याव्यात. पहिली, उष्णता प्रमाणाबाहेर वाढली तर खडे व राख मऊ होऊन भट्टीच्या भिंतीला चिकटतात, आत कडे तयार होते आणि शेवटी भट्टीच बंद ठेवून ते फोडावे लागते. घाईने वाढवलेले उपास, जागरणे आणि कठोर नियम शरीर-मनाचे असेच करतात. दुसरी, भट्टीतून निघालेले तापलेले स्पंज आयर्न उघड्या हवेत काढत नाहीत. बाहेरून पाणी शिंपडलेल्या दुसऱ्या फिरत्या नळीत, हवेचा संपर्क टाळून ते आधी थंड करतात. कारण ते सच्छिद्र असते आणि तापलेले असताना हवा लागली तर सोडलेला प्राणवायू ते पुन्हा ओढून घेते, पेटूही शकते. म्हणून व्यसनातून नुकताच बाहेर पडलेला माणूस जुन्या मित्रांच्या बैठकीत लगेच बसू नये. शिबिरातून परतल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या वादात उडी घेऊ नये. ही भीती किंवा दुबळेपणा नव्हे. नवी शुद्धी काही काळ जपावी लागते.

मळी केव्हा वेगळी होते?

न वितळता पुष्कळ काही साधते, पण सगळे साधत नाही. स्पंज आयर्नमधून प्राणवायू गेला तरी खनिजातली वाळू-मातीसारखी अशुद्धी आतच अडकलेली असते. ती काढायची तर लोखंड पुढच्या भट्टीत, सुमारे 1600 अंशांना वितळवावेच लागते. रस झाला की हलकी मळी आपोआप वर तरंगते आणि काढून टाकता येते. घनरूपात जे एकमेकांत रुतलेले असते, ते द्रवरूपात आपापल्या जागी जाते.

आपल्याकडच्या गुऱ्हाळात हेच दृश्य असते. उसाचा रस काहिलीत तापू लागला की मळी वर येते. भेंडीचे पाणी घालून ती गोळा करतात आणि काढत राहतात. मळी वर आली म्हणून गुळव्या घाबरत नाही. रस बिघडला असेही म्हणत नाही. ती वर येण्याचीच तो वाट पाहत असतो. मळी काढायचा त्याने आळस केला तर मात्र गूळ काळा पडतो.

साधना खोल जाऊ लागली की अनेकांना वाटते, आपण पूर्वीपेक्षा वाईट झालो. जुने मत्सर, विसरलेले अपमान, नको ते विचार वर येऊ लागतात. पश्चात्तापाने किंवा प्रेमाने मन वितळते तेव्हा तर डोळ्यांतून पाणीही येते. तो पराभव नसतो. मळी आधीपासून आत होतीच, आता ती दिसू लागली आहे. तिच्याकडे बघत बसू नका, तिला पुन्हा ढवळून आत मिसळू नका, झारा घ्या आणि काढून टाका. जिथे क्षमा मागायची आहे तिथे मागा, जिथे परत करायचे आहे तिथे परत करा.

दुसऱ्याने लावलेली आग

आता एक अवघड प्रश्न. भट्टीत लोखंड तापते, तसा भट्टीपुढे उभा असलेला माणूसही तापतो. मे महिन्यात दुर्ग-भिलाईकडे पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. त्यात वितळलेल्या धातूजवळ आठ तास काम. त्याच्या तापण्यालाही आपण तप म्हणायचे का? गरिबी, आजारपण, सासुरवास, अपमान यांत पोळणाऱ्यांना "हे तुमचे तपच आहे, यातून तुम्ही शुद्ध व्हाल" असे सांगायचे का?

असे सांगणे सोपे असते आणि सांगणारा बहुधा सावलीत बसलेला असतो. म्हणून येथे विवेक हवा. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद केले आहेत, आणि मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. म्हणजे केवळ ताप सोसला की तप झाले, असे शास्त्रही म्हणत नाही. तप म्हणजे समजून-उमजून, एखाद्या चांगल्या हेतूसाठी स्वतः पेटवलेली आच. दुसऱ्याने लादलेला ताप हे दुःख आहे. सोसणाऱ्याने स्वतःच्या धैर्याने त्याचे तप केले, तर त्याला नमस्कार करावा. पण ते त्याने करावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार इतर कोणालाही नाही. इतरांचे कर्तव्य एकच, त्याचा ताप कमी करणे.

येथेही अवस्थांतराचे शास्त्र उपयोगी पडते. मनुष्याचे शरीर घामाने थंड होते. एक लिटर घाम त्वचेवरून वाळून गेला तर शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. परंतु प्यायला पाणी नसेल तर घाम येणार कुठून? आणि हवा दमट व कोंडलेली असेल तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि ताप आतच साचतो. यातूनच उष्माघात होतो. म्हणून भट्टीपुढच्या, रस्त्यावरच्या, शेतातल्या श्रमिकाला पाणी, मीठ-साखर, सावली, वारा आणि मध्ये मध्ये विश्रांती देणे हा उपकार नाही. ज्याच्या घराची सळई त्या भट्टीतून आली आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या प्रत्येकाचे ते देणे आहे. दारावर आलेल्या कुरिअरवाल्या मुलाला दुपारी पेलाभर पाणी न देता आपण तपावर चिंतन करीत बसलो, तर ते चिंतन कोरडेच राहिले.

साठलेल्या तेजाचे काय करायचे?

जी उष्णता वितळताना आणि वाफ होताना आत जिरते, ती नाहीशी होत नाही. वाफेचे पुन्हा पाणी होते तेव्हा ग्रॅममागे तीच 540 कॅलरी ती परत देते. म्हणूनच उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका भयंकर असतो. दोघांचेही तापमान 100 अंश, पण वाफेजवळ साठलेले जास्त. याच वाफेने एकोणिसाव्या शतकात आगगाड्या ओढल्या.

साधनेने, शिस्तीने, ब्रह्मचर्याने, अभ्यासाने माणसातही तेज साठते. त्याचे काय होईल, हा नैतिक प्रश्न आहे. आपल्या पुराणांत मोठमोठ्या तपस्व्यांनी एका रागात शाप दिला आणि वर्षानुवर्षांचे तप खर्च झाले, अशा कथा पुष्कळ आहेत. ज्याने अधिक साधना केली त्याच्या शब्दाचा चटका अधिक बसतो. घरातल्या साधक माणसाचे एक कठोर वाक्य इतरांच्या दहा वाक्यांपेक्षा खोल लागते, कारण त्याच्याकडून तशी अपेक्षा नसते. म्हणून तपाबरोबर वाणीचे तपही सांगितले आहे: खरे, हिताचे आणि समोरच्याला न दुखावणारे बोलणे.

तेज वापरण्याची दुसरी रीत आपल्या घरातल्या माठापाशी दिसते. माठाच्या मातीतून थोडे पाणी बाहेर झिरपते आणि वाळून जाते. जाताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते, म्हणून उरलेले पाणी गार राहते. थोड्यांनी स्वतःला वाऱ्यावर सोडले आणि बाकीच्यांना थंडावा मिळाला. कुटुंबात, संस्थेत, गावात असे काही लोक असतात. त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण ते होते म्हणून इतरांचे जगणे सुसह्य झाले, हे नंतर कळते.

उपमेची मर्यादा आणि आपले काम

शेवटी एक गोष्ट स्पष्ट ठेवू. निसर्ग नीती शिकवण्यासाठी बर्फ वितळवत नाही. पाणी हे बर्फापेक्षा श्रेष्ठ नाही, वाफ पाण्यापेक्षा पवित्र नाही. बर्फाला वितळायचे की नाही हे ठरवता येत नाही. मनुष्याला मात्र येते. म्हणून बर्फाकडून आपण पुरावा घेत नाही, दृष्टी घेतो. एक ग्रॅम बर्फाला 80 कॅलरी पुरतात, हे नक्की सांगता येते. एका मनाला किती लागतील, हे कोणीही सांगू शकत नाही. आणि समोरच्याचे मन न वितळण्याचा अधिकारही त्याचाच असतो. आईने तीन वर्षे धीर धरला तरी मुलगा बदलेलच, अशी हमी नाही. तरी त्या धीराने आईचे मन कडू झाले नाही, घराचे दार बंद झाले नाही, हे काही कमी नव्हे.

तेव्हा या आठवड्यापुरते तीन लहान संकल्प करून पाहा. ज्या एका दोषावर तुम्ही काम करीत आहात त्याचे नवे माप ठरवा. तो दोष उमटला का, एवढेच न लिहिता, भान किती वेळाने आले तेही रोज रात्री एका ओळीत लिहून ठेवा. रोजच्या साधनेची वेळ हवी तर कमी ठेवा, पण ती चुकवू नका. आणि तुमच्या आसपास जो कोणी दुसऱ्याने लावलेल्या आगीत पोळत असेल, त्याला उपदेश न करता त्याचा ताप थोडा कमी होईल असे एक काम करा.

पारा चढेल तेव्हा चढेल. आपण आच सांभाळू या आणि पातेल्यात किती बर्फ उरला आहे, ते अधूनमधून प्रामाणिकपणे पाहत राहू या.